म्यानमारची तूर चालते, मग माणसं का नाहीत? केंद्र सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
मा. गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय जय भीम.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून हे पत्र लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घरी धानाची शेती आहे, धुऱ्यावर तूर असते. म्यानमारची सीमा आमच्या गावापासून हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे आणि तुरीच्या भावाचा विषय सोडला तर इकडे त्या देशाचं नाव सहसा निघत नाही. तरी लिहिते आहे, कारण आता गप्प बसणं जमत नाही.

परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच्यासोबत सवलतींचा आदेशही निघाला. त्यात नेपाळ आणि भूतानचे नागरिक आहेत, तिबेटी आहेत, श्रीलंकेचे नोंदणीकृत तमिळ निर्वासित आहेत, अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून आलेले अल्पसंख्याक आहेत. या सगळ्यांना सवलत मिळाली याचा मला आनंदच आहे. पण म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेली माणसं त्यात कुठेच नाहीत. मिझोरामच्या डोंगरांत चार-चार पावसाळे ताडपत्रीखाली काढलेल्या बाईला आपला कायदा आजही घुसखोर म्हणूनच ओळखतो.

गोंदियाच्या खेड्यातल्या मास्तरणीला या सगळ्याशी काय देणंघेणं, असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल. म्हणून आधी ते सांगते.

आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. १९७२ साली ती वसली. इकडे सगळे तिला तिबेटी कॅम्पच म्हणतात. थंड पठारावरची ही माणसं विदर्भाच्या उन्हाळ्यात येऊन राहिली, धान पिकवायला शिकली. हिवाळा लागला की त्यांच्यातले बरेच जण स्वेटर विकायला शहरांकडे जातात. याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली कॅम्पांची गावं आहेत. पलीकडे गडचिरोलीत चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतही आहेत. पूर्व पाकिस्तानातून उठून आलेली ही कुटुंबं. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसत. घरी बंगाली बोलायची, वहीत मराठी लिहायची आणि बाजारात आमच्यासारखी झाडी बोलायची. सुरुवातीला जमिनीवरून, तळ्यातल्या मासोळीवरून कुरबुरी झाल्या, ते मी नाकारत नाही. पण त्यातून मार्ग निघाला. आज त्या गावांशिवाय आमच्या तालुक्याचा बाजार भरत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या बंगाली घरांचे जमिनीच्या पट्ट्यांचे आणि जातीच्या दाखल्यांचे प्रश्न अजून पूर्ण सुटलेले नाहीत. माणसाला ठेवून घ्यायचं पण कागद अर्धवट द्यायचा, याचा त्रास नातवंडांपर्यंत पोचतो. हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर सही करताना पाहिलं आहे. म्हणून पुढे कागदाबद्दल इतकं बोलणार आहे.

१९७१ साली सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. तेव्हा आपला देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. पत्रावर 'शरणार्थी सहायता' लिहिलेलं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आमच्यासारख्या खेड्यांतल्या माणसांनीही ते लावलं. विदर्भातल्या कोरडवाहू कास्तकाराचे पाच पैसेसुद्धा त्या मदतीत आहेत. निर्वासितांचा भार फक्त सीमेवरच्या राज्यानेच उचलावा, अशी या देशाची रीत तेव्हा नव्हती.

दुसरं नातं धम्माचं आहे, आणि ते माझ्या घराला याहून जवळचं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आणि माईसाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील दिलं ते भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. ते कुशीनगरला राहत, पण जन्माने ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, आराकान प्रांतातले. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५४ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. आज विदर्भातल्या खेड्याखेड्यात विहार आहे, सकाळ-संध्याकाळ वंदना होते. त्या वंदनेची वाट ज्या देशातून आमच्यापर्यंत आली, त्या देशातली गावं आज विमानांतून जाळली जात आहेत. बौद्ध म्हणून मला याचं उत्तर द्यावं लागतं. भारत सरकार म्हणून ते आपल्यालाही द्यावं लागेल.

तिकडे काय चाललं आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण हे पत्र माझ्या गावातले लोकही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत लोकांनी आँग सान सू ची यांच्या पक्षाला मोठं बहुमत दिलं. १ फेब्रुवारी २०२१ रोजी नवी संसद भरायची होती, त्याच पहाटे लष्कराने सत्ता घेतली आणि निवडून आलेल्यांना अटक केली. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार काम बंद करून रस्त्यावर आले. मे २०२१ पर्यंत सव्वा लाखाहून अधिक शिक्षक निलंबित झाल्याचं तिथल्या शिक्षक संघटनेने सांगितलं. सव्वा लाख शिक्षक! आमच्या जिल्ह्यातली यच्चयावत शाळा रिकामी केली तरी त्याच्या जवळपासही जाता येणार नाही. मिझोरामला लागून असलेल्या म्यानमारच्या चिन राज्यातलं (चीन देश नव्हे) थांतलांग हे गाव त्याच वर्षी जाळलं गेलं. ११ एप्रिल २०२३ ला सगाईंग भागातल्या पाझीजी गावात लोक जमलेले असताना विमानातून बॉम्ब टाकले, दीडशेहून जास्त माणसं मेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू केला, तेव्हापासून अठरा वर्षांची पोरं-पोरी घर सोडून पळत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने देशातल्या देशात विस्थापित झालेले तीस लाखांच्या वर आहेत, आणि २०२५ मध्ये मदतीची गरज असलेले जवळपास दोन कोटी होते.

शाळांचं वेगळं लिहिते. सप्टेंबर २०२२ मध्ये सगाईंगच्या डेपायिन भागात लेट येट कोन गावच्या शाळेवर हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला, किमान अकरा मुलं गेली. मे २०२५ मध्ये त्याच भागात आणखी एका शाळेवर विमानहल्ला झाला. त्यात वीसच्या आसपास विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे शिक्षक मेले. तेव्हा भूकंपानंतरची शस्त्रसंधी जाहीर झालेली होती. माझी सगळी नोकरी पाढे आणि बाराखडी शिकवण्यात गेली. हजेरीपटावरची इतकी नावं एका दिवशी पुसली गेली, हे वाचून मला पुढे काही वाचवेना.

आता माझं गाऱ्हाणं.

पहिलं गाऱ्हाणं १० मार्च २०२१ च्या पत्राबद्दल आहे. गृह मंत्रालयाने मिझोराम, मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल या राज्यांना लिहिलं की म्यानमारमधून येणाऱ्यांना अडवा, आलेल्यांना परत पाठवा, आणि कुणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना कळवलं की हे आम्हाला मान्य नाही. मिझो आणि चिन एकाच रक्ताचे, मध्ये फक्त तिआऊ नदी. त्यानंतर मिझोरामच्या लोकांनी, चर्चनी, यंग मिझो असोसिएशनने तीस हजारांहून अधिक माणसांना पोसलं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती, आमच्या एकट्या गोंदिया जिल्ह्याची तेरा लाखांच्या वर. इतक्या लहान राज्याने हे ओझं पेललं. मणिपूरच्या हिंसेनंतर तिथून पळालेले हजारो लोकही पुन्हा त्यांच्याच दारात आले. आणि केंद्राने त्यांना काय दिलं? परत पाठवण्याचं पत्र. मणिपूरमध्ये तर मार्च २०२१ च्या शेवटी जिल्हा अधिकाऱ्यांना आदेश गेला की जेवण-निवाऱ्यासाठी छावण्या उघडू नका. लोकांनी आवाज उठवल्यावर तीन दिवसांत तो मागे घ्यावा लागला. पण भुकेल्या माणसासाठी छावणी उघडू नका, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं, ते कसं विसरायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला सीमेवरच्या या राज्यांत काम करू दिलं जात नाही. नोंदणी करायची तर चिन कुटुंबाने दिल्ली गाठायची. वाटेत पकडलं गेलं तर तुरुंग. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने सात जणांना दिल्लीला जाऊ दिलं आणि जिवाला धोका असलेल्या ठिकाणी माणसाला परत न ढकलण्याचं तत्त्व आपल्या संविधानाच्या कलम २१ मध्येच येतं, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने चकमा लोकांच्या खटल्यात १९९६ सालीच सांगितलं होतं की नागरिक असो वा नसो, माणसाचा जीव वाचवणं राज्याचं कर्तव्य आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे उत्तर दरवेळी मिळतं. सही नसेना, संविधान तर आहे. न्यायमूर्ती भगवतींच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात निर्वासितांच्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता. २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयाविषयी खासगी विधेयक आलं होतं. कायदा मात्र अजून झालेला नाही.

त्यात भर पडली फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाची. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोळा किलोमीटरपर्यंत ये-जा करण्याची जुनी मोकळीक रद्द करू आणि १,६४३ किलोमीटरच्या सगळ्या सीमेवर कुंपण घालू, असं जाहीर झालं. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. तिथल्या लोकांनी निवडून दिलेल्या सभांचं म्हणणं दिल्लीत किती ऐकलं गेलं? आता मिझोराममध्ये निर्वासितांच्या बोटांचे ठसे घेतले जात आहेत. ठसे घ्या, मोजदाद करा, माझी हरकत नाही. पण ठसा दिल्यावर त्या माणसाच्या हाती काय पडतं? रेशन? मुलाला शाळेत प्रवेश? कुणी हटकलं तर दाखवायला एखादा कागद? आमच्या तिबेटी शेजाऱ्यांकडे निदान नोंदणीचं पुस्तक असतं. केंद्र सरकारकडून तेवढंही चिन माणसाला मिळत नाही.

दुसरं गाऱ्हाणं मदतीच्या वाटेबद्दल. आणि इथे आधी चांगलं ते चांगलं म्हणते. २००८ च्या मे महिन्यात नर्गिस वादळ आलं, तेव्हा आपल्या हवामान विभागाने ब्रह्मदेशाला आधीच इशारा दिला होता. तिथल्या लष्कराने तो लोकांपर्यंत नीट पोचवला नाही आणि मेलेले-बेपत्ता मिळून सव्वा लाखाहून जास्त झाले. तिथले सेनानी बाकी जगाची मदत दारात अडवत होते तेव्हा आपल्या नौदलाची 'राणा' आणि 'किरपाण' ही जहाजं मदत घेऊन पोचली होती. २८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतर ऑपरेशन ब्रह्मा झालं, एनडीआरएफची पथकं गेली, मंडालेत लष्कराचं फील्ड हॉस्पिटल उभं राहिलं आणि दोन हजारांवर रुग्णांवर उपचार झाले. त्या जवानांचा आणि डॉक्टरांचा मला अभिमान आहे.

पण ही सगळी मदत यांगून आणि राजधानी नेपिडॉच्या दारातून जाते. म्हणजे कुणाला किती द्यायचं, ते तेच लष्कर ठरवतं ज्याची विमानं भूकंपानंतरही बॉम्ब टाकत होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ते नोंदवलं आहे. सगाईंगचा बराच भाग आणि चिन राज्यातला मोठा भाग लष्कराच्या ताब्यात नाही. तिथे आपली जहाजं पोचत नाहीत आणि लष्कर औषधाची गोळीही जाऊ देत नाही. पण आपली सीमा तिथे लागते. मिझोरामच्या झोखावथारच्या पुलापलीकडे चिन राज्य, मणिपूरच्या मोरेच्या पलीकडे सगाईंगचं तामू. नोव्हेंबर २०२३ मध्ये झोखावथारसमोरच्या गावावर बॉम्ब पडले तेव्हा काही हजार माणसं एका रात्रीत तिआऊ ओलांडून आली. ज्या रस्त्याने ती आली, त्याच रस्त्याने तांदूळ, औषधं, शाळेची पुस्तकं जाऊ शकतात. ही वाट आपल्याला भूगोलाने दिली आहे. शेजारधर्म म्हणतात तो इथे पाळायचा.

तिसरं गाऱ्हाणं मौनाचं. २७ मार्च २०२१ ला नेपिडॉत लष्करदिनाचं संचलन झालं. त्याच दिवशी रस्त्यांवर शंभराहून अधिक माणसं मारली गेली. त्या संचलनाला भारताचा प्रतिनिधी हजर होता. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११९ देशांनी लष्कराच्या विरोधात मत दिलं, भारत तटस्थ राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत ठराव आला, अध्यक्षपद आपल्याकडे होतं, तरी आपण चीन आणि रशियासोबत तटस्थ. हे शोभलं नाही. १९८८ मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावावर गोळ्या चालल्या, तेव्हा याच भारताने मिझोराम-मणिपुरात छावण्या उघडल्या होत्या आणि पुढे सू चींना नेहरू पुरस्कार दिला होता. मौनापेक्षाही जड वाटतं ते दुसरंच. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या अहवालात नोंद आहे की सत्तापालटानंतर भारतातल्या संस्थांकडून सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरची शस्त्रं आणि संबंधित सामग्री म्यानमारला गेली. त्यात सरकारी मालकीच्या संस्थाही आहेत. यावर सरकारने देशाला नीट हिशोब दिलेला मी तरी वाचलेला नाही.

आता तुरीचं. जून २०२१ मध्ये, म्हणजे सत्तापालटाला पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा भारताने म्यानमारशी करार केला: पाच वर्षं दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायची. त्याच्या थोडं आधी तुरीची आयात मोकळी केली होती. यवतमाळ, अमरावती, अकोल्याच्या कास्तकाराने याचा काय भोग भोगला, ते बाजार समितीच्या कट्ट्यावर विचारून पाहावं. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये असताना त्याच्या खाली तूर विकावी लागली. ते गाऱ्हाणं वेगळं आहे, ते कृषी मंत्रालयाकडे मांडूच. इथे मला वेगळं म्हणायचं आहे. ती तूर पिकते मुख्यतः सगाईंग, मॅगवे आणि मंडालेच्या कोरड्या पट्ट्यात. पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा, शेतकरी आपल्यासारखाच लहान. त्याच पट्ट्यात पाझीजी आहे, त्याच पट्ट्यात डेपायिनच्या त्या शाळा आहेत. आपण त्याच्या शेतातलं धान्य पाच वर्षांसाठी लेखी करारावर मागवतो, आणि शेत जळाल्यावर तो लेकरांना घेऊन आपल्या सीमेवर उभा राहिला तर त्याच्यासाठी एका ओळीचाही कागद नाही. धान्यासाठी करार होऊ शकतो, तर माणसांसाठी का होत नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

शेवटचं गाऱ्हाणं रोहिंग्यांचं. हे लिहिताना मला माहीत आहे की माझ्या समाजातले काही लोकही नाराज होतील. लिहिते तरी. भदन्त चंद्रमणी ज्या आराकानात जन्मले, त्याच आराकानातून ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना गावं जाळून हाकललं गेलं. हाकलणारं लष्कर स्वतःला बौद्ध म्हणवतं. काही भिक्खूंनी त्याला साथ दिली. सू चीही हेगच्या न्यायालयात त्या लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. रोज 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीवहत्येपासून दूर राहीन, असं म्हणणाऱ्या माणसाने यावर गप्प राहणं मला पटत नाही. त्या वर्षी भारताने बांगलादेशातल्या छावण्यांसाठी ऑपरेशन इन्सानियत करून मदत पाठवली, ते योग्यच होतं. मग इथल्या रोहिंग्यांशी वागताना ती इन्सानियत का सुटते? मे २०२५ मध्ये बातम्या आल्या की दिल्लीतून नेलेल्या काही रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात जहाजातून उतरवून म्यानमारच्या किनाऱ्याकडे पोहत जायला लावलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या बातम्यांवर शंका घेतली, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिवेदकांनी चौकशी सुरू केली. खोटं असेल तर सरकारने पुराव्यासह तसं सांगावं, आम्हालाच सगळ्यात जास्त बरं वाटेल. खरं असेल तर ज्यांनी केलं त्यांच्यावर कारवाई व्हावी.

आपलं म्हणणंही मी समजून घेतलं आहे. मणिपूर मे २०२३ पासून धगधगतं आहे. सीमेवरून अंमली पदार्थ आणि हत्यारं येतात. चीन पलीकडे टपून बसला आहे, सेनानींना दुखावलं तर ते त्याच्याकडे झुकतील. ईशान्येतल्या बंडखोर गटांचे तळही पलीकडे आहेत. यातलं काही खोटं नाही, आणि गडचिरोलीच्या शेजारी राहून बंदूक म्हणजे काय असतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण नाव-गाव लिहून घेतलेला, रेशन मिळणारा, मुलाला शाळेत घातलेला माणूस लपत नाही. ज्याला परत ढकललं जाण्याची भीती असते तोच लपतो आणि दलालाच्या, तस्कराच्या हाती लागतो. तिबेटी लोकांची नोंद ठेवली म्हणून देश असुरक्षित झाला, असं गेल्या साठ-सत्तर वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. चीन तर तेव्हाही रागावलाच होता.

आमच्याकडे कास्तकार फाशी घेतो आणि तुम्हाला बर्माची काळजी, असंही मला गावातच विचारलं गेलं. त्या घरांत मी सांत्वनाला गेले आहे. तिकडे दिलेल्या तांदळाने इकडच्याचा घास जातो, असं मात्र मला कधी वाटलं नाही. दोघांनाही सरकारी दारात सारखंच ताटकळत ठेवलं जातं, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत. १० मार्च २०२१ चं पत्र मागे घ्या आणि म्यानमारमधून आलेल्या कुणालाही, तो चिन असो, बर्मी असो वा रोहिंग्या, युद्ध चालू असेपर्यंत बळजबरीने परत पाठवणार नाही, असं लेखी जाहीर करा. सवलतींच्या आदेशात त्यांचा समावेश करा. ज्यांचे ठसे घेतले त्यांना मुदतीचं ओळखपत्र द्या आणि त्या ओळखपत्रावर दवाखाना, शाळा आणि मजुरी मिळेल अशी सोय करा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला मिझोराम आणि मणिपुरात जाऊ द्या. मिझोराम सरकारला या कामासाठी दरवर्षी ठरलेला निधी द्या. त्यांना दरवेळी दिल्लीला हात पसरायला लावू नका.

झोखावथार आणि मोरेच्या वाटेने चिन आणि सगाईंगमधल्या लोकांपर्यंत थेट मदत न्या, तिथल्या स्थानिक संस्थांच्या हातून. नेपिडॉच्या परवानगीची वाट पाहत बसू नका. २०२१ नंतर म्यानमारच्या लष्कराला भारतातून काय काय गेलं याची श्वेतपत्रिका संसदेत ठेवा आणि यापुढे शस्त्रं आणि त्यांचे सुटे भाग पाठवणं बंद करा. डाळींचा पुढचा करार कराल तेव्हा आमच्या कास्तकाराचा हमीभाव आणि तिकडच्या शेतकऱ्याचा जीव, दोन्ही विचारात घ्या. आणि निर्वासितांसाठी एक कायदा करा, ज्यात धर्म आणि देश पाहून दार उघडलं-लावलं जाणार नाही. अंदमानच्या समुद्रातल्या त्या बातम्यांवर जाहीर उत्तर द्या.

आमच्या खासदारांनाही या पत्राची प्रत देते आहे. हा प्रश्न त्यांनी लोकसभेत विचारावा, ही विनंती.

यंदाच्या धानाची चुरणी झाली की आमच्या भागातल्या गावांतून घरटी थोडाथोडा तांदूळ जमा करण्याचं आम्ही काही जणींनी ठरवलं आहे. तिबेटी कॅम्प आणि बंगाली कॅम्पातल्या घरांशीही बोलणार आहोत. हा तांदूळ मिझोरामच्या छावण्यांपर्यंत न्यायचा तर कोणत्या कार्यालयाकडे, कुणाच्या नावे द्यायचा आणि रेल्वेने पाठवण्याची काय सोय होईल, ते कृपया लेखी कळवावं. उत्तर मराठीत आलं तर ते ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया